बोट लागते, मग नमुने कसे घ्यायचे?

रेवदंड्याहून प्लवकांचे नमुने घ्यायला पहिल्यांदाच समुद्रात निघताय? मग 'बोट लागणं' म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. अंतर्कर्ण मेंदूला सांगतो, 'आपण हलतोय'. वहीत खुपसलेले डोळे सांगतात, 'सगळं स्थिर आहे'. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. ही कमजोरी नाही. 'बीगल'वर (१८३१-३६) डार्विनलाही बोट लागायची.

संशोधनाला खरा धोका उलटीचा नाही, चुकलेल्या नोंदींचा आहे. बाटलीवर चुकीचं लेबल लागलं की तो नमुना वाया. म्हणून मान खाली घालायची कामं किनाऱ्यावरच उरका. लेबलं, तक्ते आदल्या रात्री तयार ठेवा. बोटीवर आकडे मोबाइलमध्ये बोलून नोंदवा.

गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वीच घ्या. मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग होत नाही. काही गोळ्यांनी झोप येते, हेही विचारून घ्या. पोट रिकामं नको, तुडुंबही नको. बोटीच्या मध्यावर, डिझेलच्या धुरापासून लांब बसा. नजर क्षितिजावर किंवा कोर्लईच्या डोंगरावर ठेवा.

त्रास वाढला तर तांडेलांना लगेच सांगा. एखादा नमुना राहिला तरी चालेल, पण चक्कर येत असताना काठावरून वाकून जाळं ओढायचं नाही.