अधांतरी व्यायाम: प्रवाद आणि वस्तुस्थिती

अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत आता कित्येक दालनांत छतापासून रंगीत, तलम वस्त्रे सोडलेली आढळतात. लांब दुपदरी सोडलेले वस्त्र एरियल सिल्कचे आणि कमरेच्या उंचीवर झोळीसारखे बांधलेले हॅमॉक योगाचे. या व्यायामाविषयी जे प्रवाद कानी येतात, त्यांतील पहिला असा, की हे सारे परदेशातून आलेले एक फॅड असून आपल्या मातीशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

वस्त्राची ही रीत पाश्चात्त्य सर्कशींतून आणि योगवर्गांतून आपल्याकडे आली, हे खरे. परंतु टांगलेल्या वस्तूवर देह तोलण्याची विद्या ज्या प्रांताने दोरीच्या मल्लखांबात इतकी परिपूर्ण केली, त्याने तिला परकी मानावे, हे मला पटत नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे चैतन्य दिले. त्यातूनच पुढे टांगलेल्या वेताचा प्रकार रूढ झाला आणि चांगला वेत दुर्मीळ होऊ लागला तेव्हा त्याची जागा सुती दोरीने घेतली. दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिरात ही विद्या मुलामुलींच्या कित्येक पिढ्यांनी आत्मसात केली, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा त्याच शिवाजी पार्कवर भरली. योगाचेही तसेच: पुण्यात अय्यंगार गुरुजींनी १९७५ साली सुरू झालेल्या आपल्या संस्थेत भिंतीतील कड्यांना दोर बांधून शिष्यांकडून ओणवी आणि उलटी आसने करवून घेतली.

दुसरा प्रवाद अधिक नुकसान करणारा आहे. अंगात आधीच ताकद आणि लवचीकपणा असल्याखेरीज येथे प्रवेशच नाही, असे मानून अनेक स्त्रिया, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्या, उंबरठ्यावरूनच परततात. वस्तुतः सिल्कवर देह केवळ दंडांच्या बळावर टिकत नाही. कापडाचा प्रत्येक वेढा पायाभोवती किंवा कमरेभोवती पडला, की घर्षण बेरजेने नव्हे, तर गुणाकाराने वाढते, आणि योग्य वेढे पडले म्हणजे मनुष्य दोन्ही हात सोडूनही स्थिर राहू शकतो. दोरीच्या मल्लखांबावर तर गाठ मारण्याची मुभाच नसते. तेथे पायाचा अंगठा आणि लगतचे बोट यांच्या पकडीपासून सारे शिकावे लागते. म्हणून शक्ती ही या अभ्यासाची पूर्वअट नसून त्याचे फळ आहे. मात्र ते फळ सावकाश येते. स्नायू काही आठवड्यांत बळावतात. त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मात्र मागे रेंगाळतात. त्यामुळे उत्साहाच्या भरात रोज लोंबकळणाऱ्यांची कोपरे आणि खांदे लवकर दुखावतात. नवशिक्याने एक दिवसाआड शिकावे. सुरुवातीला मांडीवर आणि पायांवर उमटणाऱ्या निळसर डागांनी घाबरून जाऊ नये. पण बधिरपणा किंवा मुंग्या आल्यास तत्काळ खाली उतरावे.

लवचीकपणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. झोळीत पाय अडकवून देहभाराने ताण घेतल्यास सांधा दूरवर जातो खरा. परंतु त्या टोकाशी स्वतःच्या स्नायूंनी पाय उचलून धरण्याचे सामर्थ्य आले नाही, तर ती लवचीकता उसनी आहे असेच समजावे.

उलटे लोंबकळल्याने मुलांची उंची वाढते, हा समज उपनगरांतील घराघरांत इतका दृढ आहे, की केवळ त्यापायी पालक वर्गाचे शुल्क भरतात. उंची वाढते ती लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्यांतून, आणि किशोरवय सरता सरता त्या पट्ट्या मिटतात. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबून संध्याकाळपर्यंत आपण सुमारे एक सेंटीमीटर खुजे होतो आणि रात्रीच्या निद्रेत ते भरून काढतो. लोंबकळल्याने मिळणारी वाढ याच जातीची, तासाभरात ओसरणारी असते. मेंदूला जादा रक्त मिळते, हेही तितकेसे खरे नाही; मेंदूच्या रक्तवाहिन्या आपला प्रवाह स्वतः नियंत्रित करतात. उलट स्थितीत डोळ्यांतील दाब मात्र निश्चित वाढतो, म्हणून काचबिंदू, दृष्टिपटलाचे विकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी वैद्याच्या अनुमतीवाचून उलटे होऊ नये.

सर्वांत घातक समज अखेरीस सांगतो: घरातील पंख्याच्या हुकाला झोळी बांधता येते, हा. साठ किलोचा मनुष्य स्वस्थ लोंबकळत असता साठ किलोचाच भार पडतो. पण तोच हातभर घसरून अकस्मात थांबला, तर क्षणभर तो भार कित्येक पट होतो. पंख्याचा हुक या कामासाठी नेमलेला नाही, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचे कृत्रिम छत तर मनुष्याचा भार मुळीच पेलत नाही. ज्याला घरीच साधन हवे, त्याने संरचना अभियंत्याकडून तुळईची खातरजमा करावी, सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी, भारक्षमता कोरलेल्याच कड्या वापराव्यात आणि खाली जाड गादी पसरावी. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हा खटाटोप न करता आठवड्यातून दोनदा वर्गात जावे, आणि मधल्या दिवशी जमिनीवरच पोटाचा आणि खांद्यांचा अभ्यास करावा.