आठवणीच्या शास्त्राची एकशे चाळीस वर्षं

परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास पेपर देऊन आल्यावर का टिकत नाही, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर १८८५ मध्येच छापून आलं होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने त्या वर्षी स्मृतीवर एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध केलं. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात आज त्याचा ‘विस्मरणाचा वक्र’ असतो. त्यानंतर आजवर या क्षेत्रात जे घडलं, त्याकडे वळून पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. आठवण म्हणजे कोठारात रचून ठेवलेला माल नव्हे. आठवणं ही कृती आहे, आणि त्या कृतीनेच आठवण पक्की होते, बदलते आणि कधी कधी बिघडतेही.

एबिंगहाउसच्या काळात मनाचं मोजमाप ज्ञानेंद्रियांपाशी थांबलेलं होतं. वजनातला किंवा प्रकाशातला किती फरक माणसाला जाणवतो, याचे नियम फेक्नर यांनी १८६० मध्ये मांडले होते. विल्हेल्म वुण्ट यांनी १८७९ मध्ये लाइपझिशला प्रयोगशाळा उभारली, पण स्मृतीसारख्या वरच्या पातळीवरच्या व्यापारांना प्रयोगाने हात घालता येणार नाही, असं त्यांचं मत होतं. एबिंगहाउसने हात घातला, तोही एकट्याने आणि स्वतःवरच. ओळखीच्या शब्दांना अर्थ चिकटलेला असतो, म्हणून त्याने व्यंजन, स्वर, व्यंजन असे सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. त्यांच्या माळा तो घड्याळाच्या ठेक्यावर एकसारख्या गतीने वाचायचा आणि न चुकता म्हणता येईपर्यंत थांबायचा नाही. काही काळ गेल्यावर तीच माळ पुन्हा पाठ करायची आणि या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचं, अशी त्याची पद्धत होती. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाभराने ४४ टक्के, एका दिवसाने सुमारे ३४ टक्के आणि महिन्याभराने २१ टक्के. म्हणजे विस्मरणाचा मोठा घाला पहिल्या काही तासांतच पडतो, पुढे त्याचा वेग मंदावतो.

याच पुस्तकातली दुसरी नोंद माझ्या मते त्या वक्राइतकीच मोलाची आहे, पण तिची चर्चा कमी होते. बारा अक्षरगटांची माळ एकाच दिवशी सलग ६८ वेळा म्हटल्याने जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा म्हटल्यानेही साधलं. अभ्यास तोच, पण विभागून केला तर श्रम जवळपास निम्म्यावर येतात.

पुढची काही दशकं शिकण्याच्या प्रयोगांची होती. थॉर्नडाइकने १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवरून दाखवलं की ज्या कृतीने फायदा होतो तीच पुन्हा केली जाते. पचनावरच्या कामासाठी १९०४ चं नोबेल मिळालेल्या पावलॉव्हने कुत्र्यांच्या लाळेवरून अभिसंधानाचा सिद्धान्त उभा केला. या परंपरेत मनाच्या आत काय चालतं हा प्रश्न बराच काळ बाजूला पडला.

तो प्रश्न पुन्हा समोर आणला केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी. १९३२ मधल्या त्यांच्या पुस्तकात एक प्रयोग आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक भुतांची कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने ती परत सांगायला लावली. प्रत्येक वेळी कथा आखूड होत गेली आणि सांगणाऱ्याच्या जगाशी जुळत गेली. सीलची शिकार होती तिथे मासेमारी आली, तिथल्या होडीची साधी बोट झाली, न कळलेले तपशील गळाले. यांतलं कुणीही जाणूनबुजून खोटं सांगत नव्हतं. जे उरलं होतं त्यावरून त्यांनी कथा नव्याने रचली होती आणि ती मूळचीच आहे असं त्यांना वाटत होतं.

पण हे सगळं मेंदूत घडतं कुठे? कार्ल लॅशलीने उंदरांच्या मेंदूचे वेगवेगळे भाग काढून आठवणीचा ठसा शोधला आणि १९५० मध्ये तो एका जागी सापडत नसल्याचं लिहिलं. त्यानंतर तीनच वर्षांनी एका माणसाच्या आयुष्याची मोठी किंमत मोजून उत्तराची दिशा सापडली.

१९५३ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्डमध्ये विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदाने २७ वर्षांच्या हेन्री मोलेसनवर शस्त्रक्रिया केली. अपस्माराच्या झटक्यांनी हेन्रीचं जगणं अवघड झालं होतं. ते थांबवण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा भाग आणि आसपासचा भाग काढण्यात आला. झटके कमी झाले, पण त्या दिवसापासून हेन्रीच्या मनात नवी आठवण रुजेनाशी झाली. लहानपणच्या गोष्टी तो सांगे, बुद्धीही शाबूत होती. मात्र समोरचा माणूस खोलीबाहेर जाऊन परत आला की त्याच्यासाठी तो नवखा असे. एकदा ५८४ हा आकडा त्याने पंधरा मिनिटं मनात घोळवून धरून ठेवला. लक्ष दुसरीकडे वळवताच आकडा गेला आणि आपल्याला काही लक्षात ठेवायला सांगितलं होतं, हेही गेलं.

माँट्रियलहून त्याला तपासायला येणाऱ्या ब्रेंडा मिल्नर यांनी एक साधी चाचणी घेतली. कागदावर दुहेरी रेषेत काढलेली चांदणी. हात आणि कागद पडद्याआड, समोर फक्त आरसा. आरशात पाहून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलटते, त्यामुळे कुणाचाही हात सुरुवातीला कोपऱ्यावर अडखळतो. हेन्रीचाही अडखळला. पण तीन दिवसांच्या सरावात त्याच्या चुका घटत गेल्या आणि शेवटी त्याने चांदणी सफाईने काढली. हे आपण आधी कधी केलं आहे, हे त्याला ठाऊकच नव्हतं. वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं, याचंच त्याला नवल वाटलं. मेंदूत स्मृती एकच नाही, प्रसंगांची स्मृती वेगळी आणि हाताच्या कसबाची वेगळी, हे या चांदणीने सिद्ध केलं. स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा १९५७ चा निबंध आधुनिक स्मृतिशास्त्राचा पाया मानला जातो. हेन्री २००८ मध्ये वारला. तोवर जगाला तो फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी माहीत होता. पन्नासहून अधिक वर्षं तो चाचण्यांना हसतमुखाने सामोरा गेला. या शास्त्रावर त्याचं ऋण आहे आणि ते शिकवताना त्याचं नाव आदराने घेतलं गेलं पाहिजे.

हेन्रीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत चित्र भराभर स्पष्ट होत गेलं. जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये दाखवलं की एका वेळी मनात साधारण सातच गोष्टी मावतात. ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ मध्ये संवेदी, अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे तीन टप्पे मांडले. टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये अनुभवलेल्या प्रसंगांची स्मृती आणि ज्ञानाची स्मृती वेगळी केली. ओस्लोमध्ये ब्लिस आणि लोमो यांना १९७३ मध्ये सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आढळलं की जोरकस उद्दीपनानंतर चेतापेशींमधला सांधा दीर्घकाळ बळकट राहतो.

एरिक कँडेल यांनी सुमारे २०,००० चेतापेशी असलेली समुद्री गोगलगाय निवडली. तात्पुरत्या शिकण्यात सांध्यावरच्या रसायनांचं प्रमाण बदलतं. टिकाऊ शिकण्यात नवी प्रथिनं बनतात आणि नवे सांधे उगवतात, हे त्यांच्या कामातून उलगडलं. या कामासाठी त्यांना २००० चं नोबेल विभागून मिळालं. त्यांच्या गटाचा १९७२ मधला एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. गोगलगाईला एकाच दिवशी सलग ४० वेळा स्पर्श करण्यापेक्षा रोज दहा असे चार दिवस केल्यावर तिची शिकलेली सवय जास्त टिकली. एबिंगहाउसला स्वतःवर जे दिसलं, तेच इतक्या साध्या जिवातही दिसलं.

बार्टलेट यांचं सूत्रही पुढे गेलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची चित्रफीत दाखवली. एका गटाला विचारलं की गाड्या एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर’ झाल्या तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या गटासाठी तिथे फक्त ‘धडकल्या’ असा शब्द होता. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. पहिल्या गटातल्या ५० पैकी १६ जणांना ती ‘आठवली’, दुसऱ्यातल्या ७ जणांना. प्रश्नातल्या एका शब्दाने आठवण बदलत असेल, तर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला जातो, यावर एखाद्याचं आयुष्य अवलंबून असतं. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्यांच्या बहुसंख्य प्रकरणांत साक्षीदाराने चुकीची ओळख पटवलेली होती. नंतर २००० मध्ये करीम नादर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की भीतीची आठवण जागी झाल्यावर ती काही काळ नाजूक होते आणि तिला मेंदूत पुन्हा घट्ट व्हावं लागतं. त्याच वेळी औषधाने प्रथिनं बनणं रोखलं तर ती पुसट होते. आठवण जागी केली नाही तर त्या औषधाचा परिणाम होत नाही.

आठवण्याने आठवण बिघडू शकते, तशी ती पक्कीही होते. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के शिल्लक होतं, पुन्हा वाचणाऱ्यांकडे ४२.

आपल्या घरांत दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती. पाढे आणि श्लोक रोज, थोडे थोडे, पुस्तक न पाहता, मोठ्याने. विभागून करणं आणि आठवून म्हणणं, ही दोन्ही तत्त्वं त्यात होती. समजून न घेता घोकणं वाईटच, त्याचं समर्थन कुणी करू नये. पण घोकंपट्टीवर टीका करताना आपण रोजची उजळणीही सोडून दिली आणि तिच्या जागी आदल्या रात्रीचं वाचन आणि रंगीत पेनाने रेघा मारणं आलं. त्याने धडा ओळखीचा वाटतो, पण तो येतोच असं नाही.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. मुलाला ‘वाचलंस का?’ असं विचारू नका. पुस्तक मिटायला सांगा आणि ‘काय आठवतं ते सांग’ म्हणा. आज विचारा, परवा विचारा, आठवड्याने पुन्हा विचारा. चुकलं तर रागावू नका, पुस्तक उघडून दुरुस्त करू द्या. याला पैसा लागत नाही, क्लास लागत नाही, आणि यामागे एकशे चाळीस वर्षांचा पुरावा उभा आहे.