कपाटातला प्रबंध आणि शोधगंगा

जून १९९१. अमेरिकेतल्या अ‍ॅस्पेन गावी भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. त्या काळी या मंडळींचे ताजे शोधनिबंध छापून येण्याआधीच ईमेलने एकमेकांकडे जात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या स्पेन्टा वाडिया यांनी बोलता बोलता आपली अडचण सांगितली: मी प्रवासात असताना निबंध येत राहिले, तर संगणकावरची माझ्या वाट्याची जागाच भरून जाईल. हे ऐकणाऱ्या पॉल गिन्सपार्ग यांना वाटले, निबंध घरोघर कशाला पोचवायचे? एका जागी ठेवावेत, हवा त्याने न्यावा. १४ ऑगस्टला लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत ही सोय सुरू झालीसुद्धा. तीच आजची ‘अर्काइव्ह’. २००१मध्ये ती कॉर्नेल विद्यापीठाकडे गेली आणि आज तिच्यातले २० लाखांहून अधिक निबंध कोणालाही फुकट वाचता येतात.

अशा भांडाराचे वजन काय, हे ग्रिगोरी पेरेलमान यांनी दाखवून दिले. प्वांकारेच्या शतकभर न सुटलेल्या कोड्याची उकल त्यांनी नोव्हेंबर २००२पासून तीन हप्त्यांत अर्काइव्हवर ठेवली. ती कुठल्याही नियतकालिकाकडे त्यांनी धाडली नाही. जगभरच्या गणितज्ञांनी ती तिथूनच उतरवून घेतली, तपासली, आणि खरी ठरवली.

मात्र भांडारात आहे म्हणून सारे खरे, असे मानू नये. छपाईपूर्व निबंधाचे तज्ज्ञांकडून परीक्षण झालेले नसते. कोरोना विषाणूविषयीचा एक गाजलेला निबंध २०२०च्या आरंभी वाचकांच्या टीकेमुळे दोन-तीन दिवसांतच मागे घ्यावा लागला. चूक चारचौघांत झाली, म्हणून ती लवकर पकडलीही गेली.

‘निबंध छापून आला, हक्क प्रकाशकाकडे गेले, आता मी काय करू?’ असे अनेक प्राध्यापक विचारतात. एका निबंधाच्या तीन प्रती असतात: परीक्षणाआधीची, परीक्षणानंतर सुधारून स्वीकारली गेलेली, आणि प्रकाशकाने मांडणी करून छापलेली. यातली मधली प्रत भांडारात ठेवायला बरेच प्रकाशक परवानगी देतात. काही जण त्यासाठी सहा महिने ते दोन वर्षे थांबायला लावतात. कोणाचा नियम काय, हे पूर्वी ‘शेर्पा रोमिओ’ नावाने चालणाऱ्या ‘ओपन पॉलिसी फाइंडर’ या संकेतस्थळावर पाहता येते. अडचण वेगळीच असते. ही मधली प्रत लेखकाने जपलेलीच नसते!

भारतात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२मध्येच स्वतःचे भांडार उघडले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी पीएचडीचे प्रबंध संगणकीय रूपात देण्याचा दंडक घातला, आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राची, प्रबंधांचे भांडार असलेली ‘शोधगंगा’ वाहू लागली. तिच्यात टाकलेला प्रबंध गंगार्पण होत नाही. उलट, एरवी विभागातल्या कपाटात धूळ खात पडला असता तो नागपूरपासून न्यूयॉर्कपर्यंत कुठेही उघडतो.

मराठी प्रबंधांना मात्र एक जुने दुखणे आहे. कित्येक प्रबंध म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे; कित्येक युनिकोड ही सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धती येण्याआधीच्या फॉन्टात टंकलेले. डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला त्यातले अक्षरही कळत नाही. दारात पाटी नसलेले घर कोणाला सापडणार?

पाटीचा प्रश्न लेखकाच्या नावालाही आहे. कुलकर्णी, देशपांडे किती; त्यात रोमन लिपीत स्पेलिंगे वेगवेगळी, आणि लग्नानंतर बाईंचे आडनाव बदललेले. २०१२पासून ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी क्रमांक फुकट मिळतो. नाव बदलले तरी तो बदलत नाही आणि त्याच्या आधारे सारे लेखन एका खात्यावर जमा राहते.

निबंधामागची सामग्रीही अशीच ठेवता येते. बोलीच्या ध्वनिफिती, गावपाहणीचे तक्ते, शिलालेखांची छायाचित्रे, अशा कोणत्याही सामग्रीसाठी ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेने २०१३मध्ये सुरू केलेले ‘झेनोडो’ आहे. तिथे प्रत्येक संचाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. ज्यांचे आवाज, ज्यांची माहिती, त्यांची संमती मात्र आधी घ्यायला हवी.

तेव्हा संशोधक वाचकहो, यंदाच्या सुट्टीत एवढे करा: स्वीकारलेल्या निबंधाची प्रत शोधून काढा, प्रबंध युनिकोडमध्ये आणा, ऑर्किड क्रमांक घ्या आणि विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा. पुढचे काम त्यांना ठाऊक असते.