मोटार, महाल आणि पूल

दसऱ्याच्या सायंकाळी कोल्हापूरच्या दसरा चौकात सोने लुटण्यासाठी जो जनसमुदाय जमतो, त्याचे लक्ष शमीपूजनाइतकेच एका मोटारीकडे लागलेले असते. छत्रपती घराण्याची ती जुनी मेबॅक गाडी होय. जर्मनीत घडलेली ही गाडी राजाराम महाराजांच्या, म्हणजे 1922 ते 1940 या कारकीर्दीत संस्थानात आली. पुढे संस्थाने गेली, तरी सीमोल्लंघनाचा मान तिच्याकडे राहिला. लहान मुले तिच्या भल्याथोरल्या चाकांकडे पाहतात. वडीलधारी मंडळी तिच्यातून उतरणाऱ्या छत्रपतींना मुजरा करतात. मोटारीचा खरा षोक असलेला गृहस्थ मात्र गाडी डोळे भरून पाहून झाली की मान खाली घालून रस्ता न्याहाळू लागतो, आणि मग मान वर करून भोवतालच्या इमारती.

मोटारीचा षोक म्हणजे पैशाचा माज आणि वेगाचे वेड, असा एक समज सुशिक्षित घरांतही रूढ आहे. तो सर्वस्वी खोटा आहे असे नाही. परंतु यंत्रावर मनापासून प्रेम करणाऱ्यास नुसत्या यंत्रापाशी फार काळ थांबता येत नाही. खड्ड्यात आपटून गाडीची कमान मोडली की त्याला रस्ता कोणी व कसा बांधला हे विचारावेसे वाटते. अरुंद गल्लीत गाडी अडली की नगराची आखणी आठवते. अशा रीतीने त्याची मते मोटारीपासून निघून इमारती, पूल व हमरस्ते यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतात. त्या मतांचा गाभा तीन साध्या प्रश्नांत सांगता येईल. ही वस्तू भार कोणता पेलते? ती कोणाच्या उपयोगाची आहे? आणि माणसाच्या हातून चूक झाली, तर ती त्याचे रक्षण करते काय? कोल्हापूर शहर या तीन प्रश्नांना कशी उत्तरे देते, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्या मेबॅक गाडीचाच विचार करू. विल्हेल्म मेबॅक हा गॉटलीब डाइमलरचा सहकारी. मोटारगाडीच्या जन्मदात्यांत त्याची गणना होते. 1909 मध्ये त्याच्या घराण्याने जो कारखाना काढला, तो मोटारींसाठी नव्हे, तर झेपेलिन नावाच्या प्रचंड विमाननौकांची इंजिने करण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानउद्योगावर कडक बंधने आली, आणि 1921 पासून या कारखान्याच्या मोटारी लोकांसमोर येऊ लागल्या. विमाननौकेचे इंजिन आकाशात बंद पडून चालत नाही. तीच शिस्त या गाड्यांत उतरली, आणि पुढे निघालेल्या बारा सिलिंडरांच्या गाडीस झेपेलिन हेच नाव मिळाले. कारखाना इंजिन आणि सांगाडा, म्हणजे मेस्त्रींच्या भाषेतील चासी, तेवढी तयार करी. वरची बॉडी निराळे कारागीर गिऱ्हाइकाच्या इच्छेप्रमाणे बांधीत. भार पेलणारा एक आणि शोभा देणारा दुसरा, अशी ती वाटणी होती. पहिल्या प्रश्नास ही गाडी उत्तम उत्तर देते. दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र ती अडते, कारण ती एका राजासाठी घडली होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक धाडसी प्रयत्न याच जिल्ह्यात झाला. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 च्या सुमारास एक लहानशी मोटार बनविण्यास आरंभ केला. सामान्य गृहस्थास परवडेल, दुरुस्तीस सोपी असेल आणि आपल्याच देशात बनेल, अशी गाडी त्यांना हवी होती. तिचे नाव ‘मीरा’. पुढील पंचवीस वर्षांत त्यांनी तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने सिद्ध केले, परंतु मोठ्या प्रमाणावर उत्पादन करण्याचा योग काही आला नाही. षोकी माणसाच्या मनात मेबॅकविषयी आदर असतो. मीरेविषयी हळहळ असते.

सांगाडा आणि साज यांची जी वाटणी मोटारीत दिसते, तीच कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात दगडात उभी आहे. 1877 ते 1884 या काळात बांधलेल्या या वाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा मूळ आराखडाही त्याचाच. कोल्हापुरातील टाउन हॉल आणि आज सी.पी.आर. या नावाने लोकांना परिचित असलेले रुग्णालय यांच्याशीही त्याचे नाव जोडलेले आहे. राजवाड्याचे गणित, पाया व मजल्यांची मांडणी युरोपीय अभियंत्याची. कमानी, छत्र्या आणि नक्षी मात्र गुजरात-राजस्थानातील मंदिरे व महाल आणि मराठी वाडा यांच्यापासून घेतलेली. मध्यभागी घड्याळाचा मनोरा आणि सर्वत्र घोटीव काळा पाषाण. 1881 मध्ये मँट निवर्तला. वाडा पुरा झालेला त्याने पाहिला नाही.

असा संमिश्र साज चढविणे योग्य की अयोग्य, यावर पंडितांत वाद होत आले आहेत. मोटारषोकी गृहस्थाचे मत सरळ आहे. साज सांगाड्यावर नीट बसला असेल, त्यामुळे भार पेलण्यास अडथळा येत नसेल, तर तो कोठून आणला हे विचारण्याचे कारण नाही. त्याच्या मते मँटच्या कामांत अधिक मोलाची इमारत राजवाडा नव्हे, ती रुग्णालयाची. राजवाडा पाहावयाचा असतो. रुग्णालयाच्या दारात मात्र रात्री-अपरात्री कोणीही यावे, अशी त्याची योजना असते, आणि एवढ्या वर्षांनंतरही ती इमारत ते कर्तव्य बजावीत आहे.

आता तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पंचगंगेच्या काठी जावे लागते. पन्हाळा, आंबा घाट व रत्नागिरी यांकडे जाणाऱ्या वाटेवरचा शिवाजी पूल 1878 मध्ये पुरा झाला. हाही काळ्या दगडाचा आणि कमानींचा. दगडाचा गुण असा की त्यास दाबले असता तो अपार भार सोसतो, परंतु ताणले वा वाकविले असता चटकन तुटतो. कमानीची युक्ती हीच की वरून आलेला भार ती वाकू न देता दोन्ही बाजूंच्या खांबांकडे ढकलते, आणि प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर केवळ दाबला जातो. म्हणून बैलगाड्यांसाठी बांधलेला पूल मालट्रकांचा भारही पेलू शकला. पहिल्या प्रश्नास त्या जुन्या गवंड्यांनी आपल्या काळापलीकडचे उत्तर देऊन ठेवले होते.

परंतु पुलाची रुंदी आणि त्याचे कठडे आपल्या काळापलीकडे गेले नव्हते, आणि जाणे शक्यही नव्हते. चालत्या वस्तूच्या अंगची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. दहापट झाला की शंभरपट. ताशी 5 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कठड्यास घासली, तर कठडा तिला थोपवील. तेवढ्याच वजनाची गाडी ताशी 50 किलोमीटर वेगाने आदळली, तर त्याच कठड्यास शंभरपट शक्ती सोसावी लागते. बैलगाडीच्या काळातील कठडा तेथे नुसता देखावा ठरतो.

हे गणित 26 जानेवारी 2018 च्या रात्री फार क्रूरपणे सिद्ध झाले. गणपतीपुळ्याहून परतणाऱ्या पुण्याकडील कुटुंबांना घेऊन येणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेच्या पात्रात कोसळली, आणि 13 माणसे प्राणास मुकली. त्यांत लहान मुलेही होती. चालकाची चूक किती, वेग किती, याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु चूक मनुष्य करणारच. त्याच्या एका चुकीची शिक्षा तेरा जणांना मृत्यूच्या रूपाने मिळू नये, यासाठीच तर पूल, कठडे आणि ब्रेक यांची योजना असते.

शोचनीय गोष्ट ही की या पुलाशेजारी नवा पूल त्या वेळी अर्धवट उभा होता. काम अडले होते ते पैशाअभावी नव्हे. लगतची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित स्थळ आहे, आणि प्राचीन स्मारकांसंबंधीच्या 1958 च्या कायद्यास 2010 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्या अन्वये अशा स्थळापासून 100 मीटरांच्या आत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे. अपघातानंतर लोकक्षोभ झाला; पुढे अडलेले काम मार्गी लागून नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

येथे पुराणवस्तूंच्या प्रेमिकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु ब्रह्मपुरी टेकडी म्हणजे निरुपयोगी मातीचा ढीग नव्हे. 1945–46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने सांकलिया व दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनांच्या काळातील नांदत्या वसाहतीचे अवशेष उजेडात आले. त्याच टेकडीवर ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची कांस्यमूर्ती मिळाली आहे. ती कोल्हापूरच्या वस्तुसंग्रहालयाचे भूषण होय. समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, भूमध्य समुद्राकडचा देव आला कसा? बंदरावर उतरलेला माल घाट चढून येथवर येत होता, म्हणूनच. सारांश, ज्या टेकडीसाठी पूल अडला, ती टेकडीच हे नगर दोन हजार वर्षे वाटांवर जगत आले आहे याची साक्ष देते. तिचे रक्षण आणि प्रवाशाचे रक्षण या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. कायद्याची मर्यादा कोठे आहे, हे कागदावर आधीच लिहिलेले असते. पुलाची जागा ठरविण्यापूर्वी ते वाचले असते आणि संमती मिळवून मगच पहिला खांब रोवला असता, तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या. षोकी गृहस्थाचा राग टेकडीवरही नाही, कायद्यावरही नाही. तो आहे आरंभ आधी आणि विचार मागून करण्याच्या सवयीवर.

हीच सवय शहराच्या दुसऱ्या टोकासही नडते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन पंचगंगा सपाटीवर येते आणि पुराच्या वेळी विस्तीर्ण पसरते. पुणे–बंगळुरू महामार्ग हे पूरमैदान शिरोलीजवळ मातीच्या उंच भरावावरून ओलांडतो. भराव कितीही भक्कम असला तरी तो प्रवाहाच्या वाटेत आडवा पडतो. पाण्यास केवळ पुलाखालच्या आणि मोऱ्यांच्या जागेतून जावे लागते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात हा महामार्ग येथे कित्येक दिवस बंद राहिला, मालट्रकांच्या रांगा लागल्या आणि शहर जगापासून तुटले. जुलै 2021 मध्ये पुन्हा तोच प्रसंग ओढवला. भरावाऐवजी खांबांवरून रस्ता न्यावा, म्हणजे पाणी खालून आणि वाहने वरून जातील, ही मागणी कोल्हापूरकरांनी तेव्हापासून नेटाने लावून धरली. खर्च अर्थातच अधिक येतो. परंतु अडलेल्या दिवसांची किंमतही त्याच हिशेबात धरली पाहिजे.

जुन्या शिवाजी पुलाविषयी या गृहस्थाचे मत काय असेल, असा प्रश्न साहजिकच पडतो. तो पूल पाडावा असे तो म्हणणार नाही. जी वस्तू प्रामाणिकपणे भार पेलत आली, तिला मोडीत काढणे त्याच्या स्वभावात बसत नाही. मेबॅक गाडीही रोज बाजाराला नेण्यासाठी कोणी ठेवलेली नाही. वेगवान वाहनांचे ओझे नव्या पुलाने उचलावे आणि जुना पूल पायी चालणाऱ्यांसाठी, सायकलींसाठी, संध्याकाळी नदीवरचा वारा घेण्यासाठी येणाऱ्या आजी-आजोबांसाठी नीट दुरुस्त करून राखावा, असे तो सुचवील. मात्र कठडा पुन्हा बांधताना लहान मूल त्यावर रेलले तरी घाबरण्याचे कारण पडू नये, एवढे पाहावे, ही त्याची अट राहील.