नेम आणि यत्न

जून महिन्यात जळगाव-धुळ्याकडील शाळांतून एक वाक्य हमखास कानी पडते : ‘रोज थोडे वाचत जा.’ ‘वाच’ ही एका वेळेची आज्ञा. ‘वाचत जा’ ही सवयीची आज्ञा. एवढा मोठा अर्थभेद मराठीने ‘जा’ या लहानशा क्रियापदावर सोपविला आहे. विद्यार्थीही ‘वाचत जाईन’ असे वचन देतो.

अडचण पुढे येते. दिवाळीनंतर गुरुजींनी विचारले तर त्याने काय सांगावे? ‘मी रोज वाचत जातो’ हे वाक्य या अर्थाने मराठी कानास रुचत नाही. ‘रोज वाचतो’ म्हणावे, तर मध्ये चार दिवस खंड पडलेला असतो. ‘नेम धरला आहे’ म्हणावे, तर नेम एकदा चुकला की मोडला. ‘प्रयत्न करतो’ म्हणावे, तर ऐकणारा ‘म्हणजे वाचत नाहीस’ असेच समजतो. सारांश, आज्ञा करणाऱ्यास भाषेने सुटसुटीत रूप दिले. ती पाळू पाहणाऱ्यास मात्र दिले नाही.

जपानी भाषेने येथे वेगळी सोय केली आहे. ‘माइनिची होन ओ योमु यो नि शिते इरु’ या वाक्यात ‘माइनिची’ म्हणजे रोज, ‘होन’ म्हणजे पुस्तक, ‘योमु’ म्हणजे वाचणे. ‘यो नि शिते इरु’चा भाव असा की, तसे घडत राहावे म्हणून मी झटत असतो. क्वचित खंड पडला तरी हे वाक्य खोटे ठरत नाही. ‘यो नि’च्या जागी ‘कोतो नि’ घातले की तो ठरवून पाळलेला नेम होतो. आणि ‘यो नि नात्ता’ म्हटले की पालट घडून आला, पूर्वी न वाचणारा वाचू लागला. विशेष हे की, ‘वाचत जा’ असे सांगतानाही जपानी मनुष्य हेच ‘यो नि’ वापरतो. सांगणारा व करणारा एकाच रूपात बोलतात.

मराठी व्याकरणात रीतिभूतकाळ आहे, हे खरे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत असत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलत आणि गुरुजी ते टिपून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवारी अठरा अध्याय झाले. ‘बोलत’, ‘टिपून घेत’ ही रूपे आज किती सहज वाटतात! पण सातव्या किंवा आठव्या रविवारी ती सहजता नव्हती. पुढचा रविवार त्या दिवशी कोणाच्याही हाती नव्हता. रीतिभूतकाळ हा तडीस गेलेल्या यत्नाचा काळ आहे. चालू यत्नाला तो उपयोगी पडत नाही.

त्याच गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मनावर अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगितला आहे. तेथे अभ्यास म्हणजे पुनःपुन्हा केलेला यत्न. आपण तो शब्द पाठ्यपुस्तकापुरता उरविला. जपानीतही अभ्यासाला ‘बेंक्यो’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या दोन चिन्हांतून नेट व जोर हेच अर्थ निघतात.

व्याकरणाचा हा भेद वर्गात व्यवहाराचा होतो. ‘वाचलेस का?’ या प्रश्नाला ‘हो’ आणि ‘नाही’ ही दोनच उत्तरे असतात. म्हणून धडपडणारा मुलगा एक तर खोटे बोलतो, नाही तर दोषी ठरतो. त्याऐवजी ‘या आठवड्यात किती दिवस जमले?’ असे विचारावे. ‘सवय लावून घेतो आहे, चार दिवस जमले’ हे शुद्ध मराठी उत्तर आहे. ते सबब न मानता प्रामाणिक हिशेब मानणे, एवढे तरी शिक्षकाच्या हाती आहे.