आंबट सफरचंदाचे झाड

चैत्रात बाजारात कैरी आली म्हणजे आपण ती पन्ह्यासाठी, डाळीसाठी किंवा लोणच्यासाठी आणतो. ती आंबट आहे अशी तक्रार कोणी करीत नाही. उलट ती आंबट नसेल तरच घरात कुरकूर होते. इंग्लंडमध्ये सफरचंदाच्या बाबतीत काहीसा असाच भेद करतात. तेथे काही सफरचंदे नुसती खाण्याची, तर काही खास शिजवण्याची असतात. मात्र एक अंतर ध्यानात ठेवावयास हवे. कैरी पिकली म्हणजे तिचा गोड आंबा होतो. शिजवण्याचे सफरचंद झाडावर पूर्ण पक्व झाले, तरी आंबटच राहते.

या सफरचंदांत सर्वांत नावाजलेले म्हणजे ‘ब्रॅम्ली’. हे फळ मोठे, किंचित चपटे व रंगाने हिरवे असते. उन्हाकडील बाजूस कधी कधी तांबूस झाक मारते. त्यात मॅलिक आम्ल पुष्कळ असते. त्याच्या फोडी थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर ठेवल्या, की थोड्याच वेळात त्या विरून जातात आणि हलका, फुललेला गर तयार होतो. खाण्याच्या गोड सफरचंदाच्या फोडी शिजल्यावर बहुधा आकार सोडीत नाहीत, पण चव गमावतात. ब्रॅम्लीची आंबट चव साखरेलाही पुरून उरते. मैदा, लोणी व साखर एकत्र चोळून केलेला चुरा या फोडींवर पसरायचा आणि भट्टीत खरपूस भाजायचा. या पक्वान्नास तेथे ‘क्रंबल’ म्हणतात.

या झाडाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. नॉटिंगहॅमशायर परगण्यात साउथवेल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे १८०९ साली मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने सफरचंदाच्या काही बिया पेरल्या. त्यांतील एक रोप तगले व घराच्या बागेत वाढू लागले. पुढे १८४६ साली ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या मांसविक्रेत्याने विकत घेतले. १८५६ साली हेन्री मेरीवेदर नावाच्या सतरा वर्षांच्या तरुणाने ती फळे पाहिली. त्याच्या घरी रोपवाटिकेचा व्यवसाय होता. या झाडाची कलमे करण्याची परवानगी त्याने मागितली. ब्रॅम्लीने ती दिली, पण फळास आपले नाव द्यावे, ही अट घातली. ३१ ऑक्टोबर १८६२ रोजी तीन फळे दोन शिलिंगांना विकल्याची नोंद मेरीवेदरच्या वहीत आहे. जिने बी पेरले, ती मेरी ॲन १८५२ सालीच निवर्तली होती. आपल्या रोपाचे पुढे काय झाले, हे तिला कधीच कळले नाही. माझ्या मते या फळावर तिचे नाव असावयास हवे होते. पण अट घालणारा मनुष्य दुसराच होता.

आता कोणी विचारील, की कलमांची आवश्यकता काय? ब्रॅम्लीचे बी पेरून भागणार नाही काय? नाही भागणार. सफरचंदाच्या फुलास दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून त्याच्या बीमध्ये दोन झाडांचे गुण मिसळलेले असतात. त्यातून कोणते फळ निपजेल, हे आधी सांगता येत नाही. आपल्याकडेही हापूसच्या कोयीतून हापूस येईलच असा भरवसा नसतो. म्हणून कोकणातील बागायतदार कलमेच लावतात. शाळेत असताना माझ्या एका विद्यार्थ्याने सफरचंदाची बी मातीत पुरून रोप उगवून दाखविले होते. ते हातभर वाढले, परंतु फुलले कधीच नाही. त्याचे आणखीही एक कारण आहे. सफरचंदाच्या झाडास हिवाळ्यात शेकडो तास सुमारे सात अंश सेल्सिअसखालील थंडी लागते. ती मिळाल्याविना त्याच्या कळ्या नीट जाग्या होत नाहीत. हिमाचल प्रदेशातील हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत फळणारी एक जात निवडून काढली आहे; पण ते खाण्याचे सफरचंद आहे. ब्रॅम्ली हे मात्र थंड हवेचेच झाड होय.

इंग्लंडमध्ये ते लावतात नोव्हेंबर ते मार्च या काळात. तेव्हा झाडाची पाने गळालेली असतात व ते जणू निद्रिस्त असते. म्हणून मुळांवरील माती झाडून टाकली, तरी ते सुखाने रुजते. कलमाचा खालचा भाग म्हणजे खुंट. झाड किती उंच व्हावयाचे, हे बव्हंशी खुंटावर ठरते. केंट परगण्यातील ईस्ट मॉलिंग येथे १९१३ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने खुंटांची निवड करून त्यांना क्रमांक दिले. ब्रॅम्ली स्वभावतः दांडगे असल्यामुळे लहान बागेसाठी त्याचे कलम ठेंगण्या खुंटावर बांधलेले घ्यावे लागते. लावताना कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील, याची काळजी घेतात. तो मातीत गेला, तर वरच्या फांदीसच मुळे फुटतात, खुंटाचा अंमल संपतो आणि झाड बेसुमार वाढते. रोपास खांबाचा आधार देतात व बुंध्याभोवतीचे गवत काढून कुजलेल्या खताचे आच्छादन घालतात.

फळे धरण्याच्या बाबतीत मात्र हे झाड परावलंबी आहे. बहुतेक सफरचंदांच्या पेशीत ३४ गुणसूत्रे असतात. ब्रॅम्लीच्या पेशीत ती ५१ आहेत. सतराच्या या तीन संचांची दोघांत सारखी वाटणी होऊ शकत नाही. त्यामुळे त्याचा बहुतेक पराग निरुपयोगी ठरतो. ब्रॅम्लीला फळण्यासाठी दुसऱ्या जातीचे झाड हवे. आणि त्या दुसऱ्या झाडास ब्रॅम्लीकडून काहीच परतफेड होत नसल्याने त्याच्यासाठी तिसरे हवे! सुदैवाने शेजाऱ्यांच्या बागांतील झाडे पुष्कळदा हे काम भागवितात, व मधमाशा कुंपण जुमानीत नाहीत. फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री दव गोठले, तर मात्र फुले करपतात आणि त्या वर्षीचे फळ हातचे जाते.

छाटणीत नवखा मनुष्य हमखास चुकतो. या झाडाची बरीच फळे कोवळ्या फांद्यांच्या टोकांवर येतात. सगळी टोके कापली, की पुढील वर्षाची फळेही कापली गेली. म्हणून हिवाळ्यात वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढून झाडाच्या मध्यभागी उजेड येऊ देतात.

ऑक्टोबरात फळ तळहातावर धरून किंचित उचलून पिळतात. देठ सहज सुटला, तर ते तयार झाले असे समजावे. निकोप फळे एकमेकांस न चिकटतील अशी थंड, अंधाऱ्या जागी मांडली, तर मार्चपर्यंत टिकतात.

साउथवेलचे मूळ झाड १९०० सालच्या सुमारास वादळात कोसळले. परंतु आडव्या पडलेल्या खोडाने पुन्हा मूळ धरले आणि ते फळत राहिले. पुढे त्यास एका बुरशीने ग्रासले. ही बुरशी बुटाच्या नाडीसारख्या काळ्या तंतूंनी जमिनीतून पसरते व मुळे कुजविते. तिच्यावर इलाज नाही. तेव्हा १९९० च्या सुमारास नॉटिंगहॅम विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी त्या झाडाच्या कोवळ्या अंकुरांचे सूक्ष्म तुकडे काचपात्रात वाढवून त्यांपासून नवी रोपे तयार केली. त्यांतील काही विद्यापीठाच्या आवारात लावण्यात आली. त्यांना खुंट नाही व सांधाही नाही. मेरी ॲनच्या रोपाप्रमाणेच ती स्वतःच्या मुळांवर वाढली.