फवारणीआधी घराणं ओळखा

खुरपणीला गेलं की पानावर काहीतरी वळवळतं, भुणभुणतं. आपण म्हणतो, 'कीड पडली.' मग पंप भरला जातो. औषधाचे पैसे जातात, वास आपल्याच नाकातोंडात जातो आणि पुष्कळदा मरतो तो आपल्या पिकाचा राखणदार. म्हणून आज आपण किड्यांची तीन घराणी ओळखायला शिकू.

पहिलं घराणं फुलपाखरं आणि पतंगांचं. दोघांच्याही पंखांवर खवले असतात, हाताला भुकटी लागते ती त्यांचीच. फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते आणि बसल्यावर ते बहुधा पंख पाठीवर उभे मिटतं. पतंगाच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात, पंख आडवे पसरलेले किंवा छपरासारखे उतरते. पतंग बहुतेक रात्री उडतात. शेंदरी बोंडअळी, लष्करी अळी ही पतंगांचीच पिल्लं. मक्याच्या पोंग्यातल्या अळीच्या डोक्यावर उलट्या 'वाय'सारखी फिकट खूण आणि शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके दिसले, तर ती अमेरिकन लष्करी अळी. ती आपल्या देशात 2018 साली पहिल्यांदा आढळली. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी मात्र फुलपाखराची. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत याच कुळातलं. झाड मोठं असेल तर चार पानं त्याला खाऊ द्यावीत. रोप लहान असेल तर अळ्या हातानं वेचाव्यात.

दुसरं घराणं मधमाशी, गांधीलमाशी आणि मुंगीचं. दिसायला वेगळ्या, पण या तिघी बहिणीच. मधमाशीच्या अंगावर लव असते, तिला पराग चिकटतो. गांधीलमाशीचं अंग गुळगुळीत, कंबर अगदी बारीक. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. पहिल्या पावसात उडणारी मुंगी की वाळवी, हे यावरूनच कळतं. वाळवीच्या मिशा सरळ आणि कंबर जाड असते.

काकडी, कारली, लाल भोपळा यांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. माशी आली नाही तर फळ धरत नाही. फवारणी करावीच लागली तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करा. गांधीलमाशीच्या कुळातल्या काही जणी तर मोहरीच्या दाण्याहूनही लहान असतात. ट्रायकोकार्डातून निघणाऱ्या माश्या पतंगाच्या अंड्यातच आपली अंडी घालतात, मग अळी जन्मतच नाही. एखाद्या अळीच्या अंगावर तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे कोष दिसले तर तिला मारू नका. ती आता पीक खाणार नाही, आणि त्या कोषांतून आपल्या मदतनीस बाहेर पडणार आहेत.

तिसरं घराणं कोळी किडीचं. हा कीटक नव्हेच. कीटकाला सहा पाय, मोठ्या कोळ्याला आठ. तो गोचिडीचा भाऊबंद. मिरचीचं पान खाली वळून उलट्या होडीसारखं झालं तर कोळी, वर वळून द्रोणासारखं झालं तर फुलकिडे. वांग्याच्या पानाखाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. तिथं नेहमीचं कीटकनाशक बरेचदा चालत नाही. उलट कोळ्याला खाणारे किडे मरतात आणि कोळी वाढतो. त्याला गंधक किंवा कोळीनाशकच लागतं. प्रमाण कृषी सहायकांना विचारूनच घ्या.

गटाच्या बचतीतून एक भिंग घ्या. पान पांढऱ्या कागदावर झटका, पाय मोजा, मिशा पाहा, कंबर पाहा. ओळख पटेपर्यंत पंपाला हात लावू नका. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या शेतातला एक किडा काचेच्या बाटलीत आणावा. कोण कुठल्या घराण्यातला, ते आपण मिळून ठरवू.